क्राउन व्हिक्टोरिया बंद झाली तेव्हा: तुटपुंज्या बजेटात गस्तीची गाडी निवडण्याचं एक प्रकरण

१५ सप्टेंबर २०११ रोजी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, सेंट थॉमस इथल्या फोर्डच्या कारखान्यातून शेवटची क्राउन व्हिक्टोरिया बाहेर पडली. अमेरिकेतल्या पोलिसांची ही ठरलेली गाडी होती. १९९६ मध्ये शेवरोलेने मागच्या चाकांवर चालणारी कॅप्रिस बंद केली आणि त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षं गस्तीची गाडी म्हणजे क्राउन व्हिक्टोरिया पोलीस इंटरसेप्टर, असंच समीकरण होतं. ती गेली तेव्हा बाजारात एकदम चार-पाच पर्याय आले आणि ज्यांच्याकडे सगळ्यात कमी पैसे होते त्यांनाच सगळ्यात अवघड निवड करावी लागली.

आपल्याकडे पोलिसांच्या गाड्यांची खरेदी राज्य पातळीवर होते. अमेरिकेत तसं नाही. तिथे सुमारे १८,००० स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांकडे दहापेक्षाही कमी पूर्णवेळ अधिकारी आहेत. गाडीचा पैसा गावाच्या तिजोरीतून, म्हणजे मोठ्या प्रमाणात घरपट्टीतून येतो. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये घर घेतलेल्या मराठी माणसाच्या प्रॉपर्टी टॅक्समध्येही या गाड्यांचा वाटा असतोच. २००८ च्या मंदीनंतर घरांच्या किमती कोसळल्या आणि त्यापाठोपाठ तिजोऱ्याही आटल्या. जानेवारी २०११ मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहराने आपले जवळजवळ निम्मे पोलीस कामावरून कमी केले. नवी गाडी निवडायची होती ती अशा दिवसांत.

क्राउन व्हिक्टोरिया स्वस्त का पडायची

तिचं इंजिन ४.६ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं), २५० हॉर्सपॉवरचं. वेगात ती मागेच होती. शून्यापासून ताशी ६० मैलांपर्यंत पोचायला साडेआठ-पावणेनऊ सेकंद लागायचे. २०११ नंतर आलेल्या मोठ्या इंजिनाच्या गाड्या तेच काम सहा सेकंदांच्या आसपास करू लागल्या. तरीही विभाग तिला सोडायला तयार नव्हते, आणि त्याची कारणं पक्की होती.

तिची बांधणी स्वतंत्र चेसिसवर होती. मडगार्ड चेपलं, बंपर तुटला, तर बोल्ट काढून नवा भाग बसवायचा आणि दोन दिवसांत गाडी परत रस्त्यावर. पुढच्या दोन सीटांमध्ये मोकळी जागा होती आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर होता, त्यामुळे मधल्या जागेत रेडिओ, सायरनचं कंट्रोल आणि लॅपटॉप आरामात बसायचा. गावातल्या कुठल्याही मेकॅनिकला तिची नस माहीत होती. जुने दोषही ठाऊक होते: १९९६ ते २००१ च्या इंजिनांवरचा प्लास्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) तडकून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गळायचं. पेट्रोलची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे असल्याने मागून जोरात धडक बसली तर आगीचा धोका असायचा. त्यासाठी फोर्डने पुढे आग विझवणारी यंत्रणा पर्याय म्हणून देऊ केली.

खरी बचत मात्र दुसरीकडेच होती. अनेक वर्षं आतली मापं फारशी बदलली नाहीत. त्यामुळे निवृत्त गाडीतली पुढच्या-मागच्या सीटमधली कैद्याची जाळी, कन्सोल, मागची प्लास्टिकची सीट, लॅपटॉपचा स्टँड, रायफलचा रॅक असं सगळं काढून नव्या गाडीत बसवता यायचं. खर्च होता फक्त मजुरीचा. मॉडेल बंद झाल्यावर ही साखळी तुटली. २०११-१२ च्या बहुतेक चर्चा हॉर्सपॉवर आणि सर्वोच्च वेग यांभोवतीच फिरत राहिल्या. छोट्या विभागाला सगळ्यात जास्त महागात पडणार होती ती ही तुटलेली साखळी.

एका विभागाचा हिशेब

हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून नमुन्याचा एक विभाग धरू. बर्फ पडणाऱ्या मिडवेस्टमधलं, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातलं, छोटं शहर. पोलिसांच्या रंगात रंगवलेल्या १२ गस्ती गाड्या, दरवर्षी तीन बदलायच्या, म्हणजे चार वर्षांचं चक्र. प्रत्येक गाडी वर्षाला २०,००० मैल पळते. खालचे आकडे धरून चाललेले आहेत. तुमच्या विभागाचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करता येईल.

राज्याच्या दरकरारावर क्राउन व्हिक्टोरिया साधारण २३,००० डॉलरला मिळत होती. आता पेट्रोल बघा. गस्तीत १ गॅलनला १५ मैल धरले तर वर्षाला १,३३३ गॅलन लागतात. शिवाय आयडलिंग. पोलिसाची गाडी अपघाताच्या जागी, शाळेसमोर, अहवाल लिहिताना, थंडीत हीटर चालू ठेवून तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभी असते. दिवसाला चार तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर १,२०० तास होतात. ४.६ लिटरचं हे इंजिन कुठलाही जादा भार नसताना तासाला सुमारे ०.३९ गॅलन पितं, म्हणजे आणखी ४६८ गॅलन. २०११ मधला ३.५० डॉलरचा भाव धरला तर एका गाडीचं वर्षाचं पेट्रोल ६,३०० डॉलरच्या वर जातं आणि चार वर्षांत २५,००० डॉलर ओलांडतं. गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. टेंडरमध्ये मात्र तुलना होते ती किमतीचीच.

आयडलिंगचा दुसरा परिणाम ओडोमीटरवर दिसत नाही. फोर्डच्या हिशेबाने आयडलिंगचा एक तास म्हणजे इंजिनाची सुमारे ३३ मैलांइतकी झीज. आपल्या नमुन्यातली गाडी चार वर्षांनी ८०,००० मैल दाखवेल, पण ४,८०० तास उभ्याने चाललेल्या इंजिनाची झीज आणखी १,५८,००० मैलांची झालेली असेल. ऑइल बदलायचं ते तासांच्या मीटरवर. फक्त मैल बघून ऑइल बदलणारे विभाग चांगली इंजिनं स्वतःच्या हाताने संपवतात.

आता सामान. रेडिओ, सायरनचा अ‍ॅम्प्लिफायर, रडार, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर आणि लॅपटॉप ही कुठल्याही गाडीत जाणारी यादी. छतावरचा लाइटबारही जातो, फक्त त्याचे पाय त्या मॉडेलचे लागतात. जाळी, कन्सोल, मागची सीट, खिडक्यांचे गज आणि पुढचा लोखंडी गार्ड हे मात्र त्या-त्या मॉडेलच्या मापाचे असतात. या मापाच्या वस्तूंना मजुरी धरून गाडीमागे ३,००० डॉलर मोजू. बारा गाड्यांचे ३६,००० डॉलर होतात, म्हणजे मॉडेल बदलण्याची किंमत दीड गाडीइतकी. ती किती वर्षांत विभागली जाणार, हे निवडलेल्या गाडीची आतली मापं किती वर्षं टिकतात यावर ठरतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता शेवटच्या क्राउन व्हिक्टोरिया घेऊन ठेवण्याचा. टेक्ससमधल्या ऑस्टिनसारख्या मोठ्या विभागानेही तो स्वीकारला. आपल्या विभागाने तीनऐवजी सहा घेतल्या तर ६९,००० डॉलर वर्षभर अडकतात. ४ टक्क्यांनी कर्ज काढलं तर व्याज २,७६० डॉलर. वर्षभर उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात, उंदीर वायरिंग कुरतडतात. म्हणून दर पंधरवड्याला इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत गाडी फिरवायला माणूस नेमावा लागतो. तरीही एका वर्षाचा साठा योग्यच, कारण नव्या मॉडेलच्या पहिल्या वर्षातले दोष दुसऱ्यांच्या गाड्यांवर उघड होतात. दोन-तीन वर्षांचा साठा करणं मात्र प्रश्न पुढे ढकलणं झालं.

दुसरा पर्याय राज्याच्या हायवे पोलिसांच्या वापरलेल्या गाड्या. मिझूरी राज्याचे हायवे पोलीस आपल्या गाड्या साधारण ५०,००० मैलांनंतर विकायचे आणि छोटे विभाग त्या घ्यायचे. हायवेवरचे मैल गावातल्या मैलांपेक्षा हलके असतात आणि सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण असतात. ज्या गावाला वर्षाला एकच गाडी परवडते त्याच्यासाठी हा सर्वोत्तम मार्ग. घेताना इंजिनाचे एकूण तास आणि आयडलिंगचे तास दोन्ही लिहून घ्यावेत.

नव्या गाड्यांत फोर्डने टॉरसवर बेतलेली पोलीस इंटरसेप्टर सेडान आणि एक्सप्लोररवर बेतलेली पोलीस इंटरसेप्टर युटिलिटी आणली. दोन्ही शिकागोच्या एकाच कारखान्यातल्या, २०१३ मॉडेल वर्षापासूनच्या. सेडान चपळ होती. तिचं ३६५ हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन कुणाच्याही तोडीचं होतं. पण छत खाली उतरतं आणि मागचं दार अरुंद, त्यामुळे कमरेला बेल्ट, अंगात बुलेटप्रूफ जॅकेट घातलेल्या उंच अधिकाऱ्याला पुढे बसणं आणि हातकडी घातलेल्या माणसाला मागे बसवणं, दोन्ही जिकिरीचं. युटिलिटीत ३.७ लिटरचं व्ही-६, ३०४ हॉर्सपॉवर आणि चारही चाकांना ताकद. बसायला उंच, मागे भरपूर जागा.

दोन्हींत एक मोठा दोष दडलेला होता. ३.५ आणि ३.७ लिटरच्या या आडव्या बसवलेल्या इंजिनांचा वॉटर पंप इंजिनाच्या आत, टायमिंग चेनवर चालतो. तो गळू लागला की कूलंट ऑइलमध्ये मिसळू शकतं आणि इंजिनच जातं. पंप स्वस्त, पण तिथपर्यंत पोचायला दहा तासांहून जास्त मजुरी. म्हणून दर सर्व्हिसला डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसतं का आणि कूलंट कारण नसताना कमी होतंय का, हे बघायलाच हवं. चारही चाकांना ताकद वाटणारं पुढचं युनिटही तापून गळतं. त्याचं ऑइल बदलण्याची नोंद सर्व्हिसच्या तक्त्यात स्वतंत्र घालावी.

डॉज चार्जर पर्स्यूट २०११ साली नव्या रूपात आली. २९२ हॉर्सपॉवरचं ३.६ लिटर व्ही-६ आणि ३७० हॉर्सपॉवरचं ५.७ लिटर व्ही-८. अधिकाऱ्यांचा ओढा अर्थातच व्ही-८ कडे. पण त्या इंजिनाचे लिफ्टर आणि कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे भाग) लांबलचक आयडलिंगमध्ये झिजतात, हा अनुभव पुढे सर्वत्र आला. तुटपुंज्या बजेटात व्ही-६ हेच उत्तर. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत डाव्या सिलिंडर हेडचा दोष होता आणि कंपनीने त्यावर वॉरंटी वाढवून दिली. ऑइल फिल्टरचं प्लास्टिकचं घर गळतं, ते वेळीच बदलावं.

शेवरोलेची कॅप्रिस पीपीव्ही (पीपीव्ही म्हणजे पोलीस गस्तीची गाडी; १९९६ मध्ये बंद झालेल्या कॅप्रिसचं फक्त नाव) ऑस्ट्रेलियातून, होल्डनच्या कारखान्यातून यायची. ६.० लिटर, ३५५ हॉर्सपॉवर, मागे ऐसपैस जागा. चालवायला या सगळ्यांत उत्तम म्हणणारे बरेच. पण सुरुवातीच्या गाड्यांत गिअर खाली मधोमध, म्हणजे नेमका लॅपटॉपच्या जागी. तो खांबावर आला २०१४ मध्ये. शिवाय अमेरिकेत ती फक्त पोलिसांनाच विकली जायची. शेवरोलेचीच इम्पाला सगळ्यात स्वस्त, पण मागची जागा तोकडी. टाहो दणकट, स्वतंत्र चेसिसची, जुनी विकताना भाव चांगला. पेट्रोल मात्र जास्त आणि त्या काळी पाठलागासाठी मान्य असलेली टाहो फक्त मागच्या चाकांवर चालणारी.

चाचणीचे आकडे कसे वाचावेत

मिशिगन राज्याचे पोलीस दर सप्टेंबरला पुढच्या वर्षाच्या गाड्यांची चाचणी घेतात: चेल्सी इथल्या मैदानावर वेग आणि ब्रेक, ग्रॅटनच्या रेसट्रॅकवर हाताळणी, शिवाय बसण्याची सोय आणि रेडिओ बसवण्याची सुलभता. निकाल सगळ्यांसाठी खुले असतात. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक गटाला वजन असतं, सर्वोत्तम गाडीपासून बाकीच्या किती मागे आहेत त्यावरून गुण निघतात आणि त्या गुणांवरून टेंडरमधली किंमत वर-खाली केली जाते. छोट्या विभागाने ही पद्धत जशीच्या तशी घ्यावी, वजनं मात्र स्वतःची लावावीत. गावात वेगमर्यादा ताशी २५ ते ४५ मैल असेल तर सर्वोच्च वेगाला नाममात्र वजन द्यावं आणि ते ब्रेक, बसण्याची सोय व पेट्रोल यांच्याकडे वळवावं.

त्यापुढची चाचणी स्वतःच्या अंगणात करायची. डीलरकडून गाडी दोन दिवस मागून घ्यावी. विभागातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या अधिकाऱ्याने पूर्ण साजासह दहा-दहा वेळा बसून उतरावं. लॅपटॉप उघडा धरून बघावं: तो एअरबॅग फुगण्याच्या जागेत येतो का, गिअर आणि हीटरच्या बटणांपर्यंत हात जातो का. मागे जाळी असल्याचं धरून सहा फुटी माणसाला हात मागे ठेवून बसवावं आणि दुसऱ्या बाजूने त्याला सीटबेल्ट लावून दाखवावा. डिकीत स्पेअर चाक, ऑक्सिजनची पिशवी, रस्त्यावरचे कोन, रायफलची पेटी हे सगळं खरोखर भरून बघावं. कागदावरचं घनफूट इथे उपयोगाचं नाही.

निर्णय आणि पुढे काय झालं

बर्फाच्या गावासाठी आमचं मत असं: एक वर्षाचा, म्हणजे तीन क्राउन व्हिक्टोरियांचा साठा करावा आणि त्यानंतर दरवर्षी तीन एक्सप्लोरर, म्हणजे फोर्डची युटिलिटी. बर्फ नसलेल्या गावात चार्जर व्ही-६. दोन्हीकडे अट एकच. सगळ्या गाड्या एकाच मॉडेलच्या, आणि चक्र पूर्ण होईपर्यंत मॉडेल बदलायचं नाही.

यामागचा विचार २०११ मध्येही करता येण्याजोगा होता. एखादं मॉडेल टिकतं ते सामान्य गिऱ्हाईक विकत घेतं म्हणून. क्राउन व्हिक्टोरियाची अमेरिकेतली किरकोळ विक्री २००८ पासूनच थांबली होती, फक्त मोठ्या ताफ्यांना गाडी मिळत होती, आणि तीन वर्षांत ती संपली. कॅप्रिस तर दूरदेशीच्या एका कारखान्यावर आणि एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर उभी होती. २०१७ मध्ये होल्डनने ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणं थांबवलं आणि ती गेली. कुटुंबाची सेडान म्हणून टॉरसची मागणी घटत होती, तिची पोलीस आवृत्ती २०१९ पर्यंतच चालली. एक्सप्लोररच्या जाळ्या आणि कन्सोल २०१३ ते २०१९ पर्यंत एकाच मापाचे राहिले. २०१६ मध्ये तोंडवळा बदलला तेव्हा फक्त पुढचा गार्ड नवा घ्यावा लागला. चार्जरची मापं त्याहून जास्त, २०११ पासून २०२३ मध्ये ती बंद होईपर्यंत टिकली. आपल्या ३६,००० डॉलरच्या हिशेबात ज्यांनी चार्जर धरली त्यांचं सामान तीन चक्रं पुरलं. कॅप्रिस घेणाऱ्यांचं जेमतेम दीड.

सामान बसवताना होणारे घोटाळे

जुलै २०१७ मध्ये ऑस्टिनच्या पोलिसांनी जवळजवळ ४०० एक्सप्लोरर रस्त्यावरून काढल्या. गाडीत कार्बन मोनॉक्साइड शिरत होता आणि अधिकारी आजारी पडत होते. पोलीस गाड्यांच्या बाबतीत फोर्डने बोट ठेवलं ते मागच्या भागात दिवे आणि वायरी बसवताना पाडलेल्या आणि नंतर नीट न बुजवलेल्या भोकांवर. कंपनीने दुरुस्ती फुकट करून दिली. छोट्या विभागासाठी यातून करारात घालायच्या अटी निघतात. पत्र्याला पाडलेल्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) आणि सीलंट. प्रत्येक भोकाचा फोटो गाडीच्या फाइलमध्ये. गाडी ताब्यात घेताना आत मीटर ठेवून जोराने वेग वाढवत चाचणी. आणि गाडीत कायमचा एक कार्बन मोनॉक्साइड अलार्म.

वायरिंगमध्ये दुसरी चूक कायम होते: कंपनीच्या वायरी सोलून त्यातून सायरनला करंट घेणं. सहा महिन्यांनी कुठलातरी सेन्सर वेडंवाकडं दाखवू लागतो आणि डीलर वॉरंटी नाकारतो. बॅटरीपासून फ्यूजसह स्वतंत्र जाड वायर, वेगळा फ्यूजबॉक्स आणि इग्निशन बंद झाल्यावर ठरावीक मिनिटांनी सगळं तोडणारा टायमर, एवढं लिहून घ्यावं. कंपनी आधीच वायरिंग करून देत असेल तर ते पॅकेज घेणं बहुधा स्वस्त पडतं, कारण गॅरेजच्या मजुरीचे तास वाचतात. जुनी गाडी लिलावात देण्याआधी भोकं बुजवून, स्टिकर काढून, दिवे उतरवून द्यावी. भाव चांगला येतो आणि तोतया पोलिसाच्या हाती साज लागत नाही.

पैसा आणि तारखा

अनेक शहरांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. गाडी कंपन्या मात्र मॉडेल वर्षाच्या ऑर्डरी ते वर्ष संपायच्या कित्येक महिने आधी बंद करतात. जुलैत मंजुरी मिळाली आणि त्या वर्षाची ऑर्डर बंद झालेली असली, की पुढच्या वर्षाचा वाढीव भाव गळ्यात पडतो. त्यामुळे वसंतातच डीलरकडून शेवटची तारीख लेखी घ्यावी आणि शहराच्या कौन्सिलकडून अटीसह आगाऊ मंजुरी. स्वतः टेंडर काढण्यापेक्षा राज्याच्या दरकरारावर खरेदी करावी. तीन गाड्यांच्या गावाला तोच भाव मिळतो जो शेकडो गाड्या घेणाऱ्याला मिळतो.

२०,००० पर्यंत लोकवस्तीच्या ग्रामीण गावांना केंद्राच्या कृषी खात्याच्या ग्रामीण विकास योजनेतून पोलीस गाड्यांसाठी कर्ज आणि अनुदान मिळू शकतं. लोकवस्ती ५,००० पर्यंत आणि उत्पन्न फार कमी असेल तर अनुदान खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत जातं. अर्जाला वेळ लागतो, म्हणून गाडी बंद पडायच्या आधी वर्षभर तयारी हवी. हप्त्यांवर घ्यायची असेल तर पुढच्या वर्षी कौन्सिलने तरतूद केली नाही तर करार संपेल, हे कलम आहे का ते वकिलाकडून तपासून घ्यावं.

२०२० मध्ये एक्सप्लोरर पूर्ण बदलली आणि २०१९ पर्यंतची जाळी तिच्यात बसेना. पण त्याच वर्षी हायब्रिड आली: ३१८ हॉर्सपॉवर, १ गॅलनला सरकारी मोजमापाने २४ मैल. उभी असताना इंजिन बंद होतं आणि दिवे, रेडिओ, लॅपटॉप बॅटरीवर चालतात. पुन्हा तोच हिशेब काढायचा. २०,००० मैलांना २४ च्या सरासरीने ८३३ गॅलन, म्हणजे क्राउन व्हिक्टोरियाच्या मानाने वर्षाला ५०० गॅलनची बचत. आयडलिंगचे ४६८ गॅलन त्यातून किती कमी होतात हे गावाच्या हवेवर ठरतं, कारण कडक थंडीत हीटरसाठी इंजिन पुन्हापुन्हा सुरू होतं. म्हणून ऑर्डर देण्याआधी सध्याच्या गाड्यांचे आयडलिंगचे तास उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे वेगवेगळे उतरवून घ्यावेत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, मीटरवरून, गाडीनिहाय.